मिल्ट्रीचा रेडिएटर आणि माळाची चढण

८ एप्रिल १९८३, लातूर

मिल्ट्री आज परत उकळून आली! महिन्याचे आठ दिवस झाले आणि ही पाचवी वेळ.

मिल्ट्री म्हणजे आमच्या खात्याचा जुना ट्रक. लष्कराच्या लिलावातला, चारही चाकांनी ओढणारा, मागं खात्यानं पाण्याची टाकी बसवलेली. बैलगाडी अडते तिथं ही जाते. म्हणजे जायची. आता चढ लागला की दहा मिनिटांत बॉनेटमधून वाफ. नवा जिल्हा होऊन आठ महिने झाले – खुर्च्या उस्मानाबादहून आल्या, गाड्या जिथून मिळतील तिथून, आणि मिस्त्री म्हणून मी नांदेडहून. वर्कशॉप म्हणजे चार खांब आणि वर पत्रे. त्यात हा दुष्काळ. टँकर कमी, गावं जास्त.

ड्रायव्हर नरसिंगमामा म्हणतो, "उन्हाळा हाय मिस्त्री. माणूस उकळून राहिला, गाडीचं काय घेऊन बसला?" पन्नाशीचा माणूस, गाडी चांगली चालवतो, पण दोष नेहमी सूर्याचा.

रेणुकादास साहेबांनी बोलावलं होतं. आमचे उपअभियंता, बोलायला मऊ. "लिंबाजी, ही गाडी ठीक होण्यासारखी..." वाक्य संपायच्या आत मी म्हणालो, होईल. असली वाक्यं मी संपू देत नाही.

९ एप्रिल

वॉटर पंप ठीक. बेल्ट ठीक. म्हणजे पाणी आतच कुठंतरी तुंबतंय.

११ एप्रिल

रेडिएटर उतरवला, वरची टाकी कथलाचा डाग सोडवून उघडली. आत काय असावं? हळद! नळ्यांच्या तोंडाशी पिवळा चिखल, वर बोअरच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा थर, पुन्हा पिवळा, पुन्हा पांढरा. सळई घातली तर अर्ध्या नळ्यांत ती शिरेचना.

नरसिंगमामाला बोलावलं. तो लाजला वगैरे नाही. "गळत व्हता जरासा. दर बाजारी मूठभर टाकायचो. समदेच टाकतेत." खरं आहे, सगळेच टाकतात. हळद फुगते, भोक बुजतं, आणि ड्रायव्हर घरी जातो. पण ती काय फक्त भोकच शोधत बसते? पी हळद आणि हो गोरी – गाडी गोरी झाली, पाणी वाहायचं थांबलं.

मी त्याला म्हणालो, मामा, घरात भाजीला हळद उरते का तुमच्या? तो हसला. चिडला नाही, हे त्याचं बरं आहे.

नळ्यांच्या तीन ओळींची जाळी आहे, आणि गंजून पत्रावळीसारखी झालेली. साफ केली तरी या चढाला पुरणार नाही. चार ओळींची हवी. पंखाही चार पात्यांचा, त्यातलं एक वाकडं. सहा पात्यांचा घालायचा. आणि पंख्याभोवती पत्र्याचा घेर, म्हणजे ओढलेली हवा बाजूनं पळणार नाही, जाळीतूनच येईल. तो घेर लष्कराच्या गाडीला असतोच. कुणी काढला कुणास ठाऊक.

सगळं चित्र डोक्यात तयार आहे. आता फक्त वस्तू पाहिजेत.

१४ एप्रिल

जयंती. सुटी. सकाळी इथं झेंडावंदन करून एसटीनं शिरूर अनंतपाळ, तिथून पायी हिवरखड्याला. भामाआक्का तिथं दिली आहे. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मला तिनंच कडेवर वाढवलं.

हिवरखडा म्हणजे गाव खाली आणि आमची बौद्ध वस्ती वर माळावर, बावीस घरं. मिल्ट्रीनं निम्मं पाणी चावडीजवळच्या हौदात टाकायचं आणि निम्मं वर वस्तीत न्यायचं, असा खात्याचा हुकूम आहे. पण चावडीच्या पुढं चढण लागते आणि गाडी तिथंच उकळते. म्हणून सगळी टाकी खालीच रिकामी होते. हे मी रोज लॉगबुकात वाचतो – 'माळवस्ती: गाडी गरम, फेरी अपूर्ण.' वाचलेलं आणि पाहिलेलं यात फरक असतो.

वस्तीवर निळे कागद लावले होते, ढोल होता, पोरी नटल्या होत्या. आणि प्यायला पाणी मागितलं तर आक्कानं अर्धा तांब्या दिला. अर्धा! तिच्या घरी मी कधी अर्धा तांब्या पाहिला नव्हता.

दुपारी तिच्याबरोबर खाली गेलो. गावाचं भरून होईपर्यंत आमच्या बायका बाजूला, बाभळीखाली. मग एक बाई हौदावर उभी राहून वरून ओतते, यांनी खाली घागर धरायची. निम्मं घागरीत, निम्मं हातावर. आक्काला सहा जणांच्या घरासाठी दोन घागरी मिळाल्या. त्या घेऊन चढण. मी एक उचलली तर म्हणते, "ठेव, तुला न्हाई सवय. सांडशील."

मी विचारलं, तुम्ही काही बोलत का नाही? "कुणाला बोलू बाबा? गाडी चढत न्हाई, तिचा काय दोष."

मी सांगून आलो – आक्का, पंधरा दिवस दे. गाडी तुझ्या दारात उभी करतो. तिनं पदरानं मान पुसली.

१५ एप्रिल

साहेबांची परवानगी घेतली. "लिंबाजी, नवं मागवायचं तर पावसाळा येईल." मला नवं नकोच आहे साहेब. मला देगलूरला जाऊ द्या.

१८ एप्रिल, देगलूर

चन्नबसप्पाचं भंगार म्हणजे माझं तीर्थ. नांदेडच्या आयटीआयात होतो तेव्हापासून येतो. तीन राज्यांच्या मोडक्या गाड्या इथं येऊन निजतात, आणि हा माणूस त्यांच्याशी कानडीत बोलतो, माझ्याशी मराठीत, हमालांशी तेलुगूत.

मला हवा तसा रेडिएटर एका मोडलेल्या लष्करी गाडीत सापडला. चार ओळी, पितळी टाक्या, डाग मूळचा. नळ्यांतून पाणी सोडून पाहिलं, सरळ धार. सहा पात्यांचा पंखाही त्याच गाडीचा. चन्नबसप्पा म्हणाला, "मिस्त्री, ही गाडी तेवीस वरसं मरली न्हाई. तिचं काळीज घेऊन चाललास." मी म्हणालो, काळीज नाही हो, फुप्फुस.

एसटीच्या टपावर रेडिएटर गोणपाटात बांधून आणला. वाटेत दोनदा वर चढून पाहिलं. कंडक्टर म्हणतो, सोन्याचा हाय का? मी म्हणालो, सोनं उकळत्या पाण्यात टाकून काय उपयोग?

२१ एप्रिल

बसवला. खालच्या चौकटीत दोन बोटं जागा कमी पडली. ब्रॅकेट कापून पुढं सरकवले. खाली रबराचे तुकडे घातले, जुन्या टायरचे, म्हणजे खडकावर आपटून डाग सुटायचा नाही. पंख्याचा घेर ड्रमच्या पत्र्यातून वळवला. पात्याच्या टोकात आणि घेरात अंगठाभर अंतर, सगळीकडून सारखं. हे अंतर काढायला दुपार गेली आणि ती दुपार वाया गेली असं मला अजिबात वाटत नाही.

टेंपरेचरचा काटाही बसवला. आजपर्यंत या गाडीत काटाच नव्हता! वाफ दिसली की गरम, एवढंच मोजमाप.

नरसिंगमामाला सांगितलं, यात हळदीचा कण गेला तर तुम्हाला टाकीत बुडवीन. "टाकीत पाणी तरी आसंल का तवा?" म्हणाला.

२२ एप्रिल

उकळली.

रिकामी टाकी, सपाट रस्ता, औशापर्यंतसुद्धा पोचलो नाही. काटा लाल रेषेला भिडला. मी इंजिन बंद करून अर्धा तास बाभळीखाली बसलो. नरसिंगमामा मुकाट बिडी ओढत होता. तो काही बोलला असता तर बरं वाटलं असतं.

परत येऊन बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं, पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचं पान धरलं. पंखा ओढत असेल तर पान चिकटून बसायला पाहिजे. पान खाली पडलं. मग दिसलं – पंखा मी उलटा बसवला आहे. पाठ पुढं, तोंड मागं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं हे केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. अंगठाभर अंतर मोजण्यात दुपार घालवली आणि तोंड कुठं ते पाहिलं नाही. हात दाखवून अवलक्षण!

चार बोल्ट, वीस मिनिटं. पान असं चिकटलं की ओढून काढावं लागलं. हे कुणाला सांगायचं नाही. इथं लिहिलं तेवढं बस.

२३ एप्रिल

भरली टाकी. शिरूर अनंतपाळच्या पुढची चढण, भर दुपारी बारा वाजता, पहिल्या गिअरात. मुद्दाम तीनदा चढवली, तीनदा उतरवली. काटा मधोमध. एकदा तर नरसिंगमामा काचेवर टिचकी मारून बघायला लागला – अडकला की काय! अडकलेला नाही मामा, समाधानी आहे.

माझ्या हाताखालून गेलेलं इंजिन तक्रार घेऊन परत येत नाही. हे मी उगाच म्हणत नाही.

२५ एप्रिल

मिल्ट्री आजपासून हिवरखड्याच्या फेरीवर. पंधरा दिवस म्हणालो होतो, अकराव्या दिवशी पाठवली.

२८ एप्रिल

लॉगबुक पाहिलं. २५, २६, २७ – 'माळवस्ती: गाडी गरम, फेरी अपूर्ण.'

मला खरंच वाटलं जुनं पान उघडलंय. तारीख पुन्हा पाहिली. नरसिंगमामाला विचारलं तर खाली बघून म्हणाला, "तिथला चढ येगळा हाय मिस्त्री. खडकाळ." वेगळा म्हणजे किती वेगळा? चढ तो चढ!

३० एप्रिल

गाडी परत उभी करून घेतली. रेडिएटरचं झाकण बदललं. थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्यात घालून पाहिला, वेळेवर उघडतो. इंजिनाचं टायमिंग तपासलं. नळ्या पुन्हा बघितल्या – स्वच्छ, हळद नाही. वर्तमानपत्र चिकटतंय. काहीही चूक नाही. जिथं चूक नसते तिथं ती शोधण्यासारखं कंटाळवाणं काम नाही, पण मी दिवसभर केलं.

साहेब येऊन उभे राहिले. "काय म्हणतेय?" मी म्हणालो, काहीच म्हणत नाही साहेब, हीच पंचाईत आहे.

२ मे

परत तेच. 'गाडी गरम.' अक्षर नरसिंगमामाचं, शाई माझ्या डोक्यात.

५ मे

आज मी गाडीत बसून गेलो.

नरसिंगमामाला ते आवडलं नाही हे दिसत होतं. मी काट्यावरून नजर हलवली नाही. ओढा ओलांडला, काटा मधोमध. खडक ओलांडले, मधोमध. चावडीसमोर आलो, मधोमध. हौदापाशी शंभरएक घागरी रांगेत. गावच्या दोन्ही विहिरींत महिन्यापासून गाळ आहे. लोक सकाळपासून उभे होते, म्हाताऱ्या सावलीत आडव्या. त्यांचेही हाल मी डोळ्यांनी पाहिले, खोटं कशाला लिहू.

गाडी थांबली. चावडीच्या पायऱ्यांवर बापूसाहेब उभे होते, गावात त्यांचाच शब्द चालतो. नरसिंगमामा अजून खाली उतरलाही नव्हता, तोवर ते म्हणाले, "झाली का गरम? बरं, मग हितंच सोडा."

मग मामा उतरला, बॉनेट उघडलं, फडकं घेऊन उभा राहिला. वाफ नाही. आवाज नाही. कुणी तिकडं बघितलंही नाही, सगळे टाकीच्या कॉकवर तुटून पडले. बाभळीखाली आमच्या बायका उभ्या होत्या. आक्का होती. तिनं मला पाहिलं आणि हात केला – भाऊ आला म्हणून.

मी मामाजवळ गेलो. गाडी गरम नाही, म्हणालो.

"न्हाई झाली," तो हळू आवाजात म्हणाला. "आधी खरंच व्हायची. तवा बरं व्हतं, मला काय बोलाया लागत न्हवतं. तुमी ती नीट केली आन् माझी पंचाईत केली."

मग वाटेत सगळं सांगितलं. वर निम्मं नेतो म्हटलं की बापूसाहेब म्हणतात, आधी गावाचं भागू द्या. गावाचं कधी भागतच नाही. "मला रोज याच वाटेनं यायचं हाय मिस्त्री. एकदा टायर फोडला व्हता माझा. तुमी येऊन जाता, मी येतच ऱ्हातो."

६ मे

काम केलं नाही. पान्हा हातात घेऊन बसलो.

राग बापूसाहेबांचा आला, मामाचा आला, पण सगळ्यात जास्त माझा मलाच आला. मी हदगावच्या असल्याच वस्तीत वाढलो. वरून ओतलेलं पाणी मी ओंजळीत घेतलंय. मला हे पहिल्या दिवशी कळायला पाहिजे होतं. पण समोर यंत्र होतं, आणि यंत्र मला येतं. रेडिएटर उतरवता येतो, म्हणून रेडिएटरलाच दोष दिला. तीन आठवडे गेले त्यात. त्या तीन आठवड्यांत आक्का रोज दोन घागरी घेऊन चढण चढली, आणि म्हणत राहिली, गाडीचा काय दोष.

संध्याकाळपर्यंत डोकं थंड झालं. रेडिएटर वाया गेलेला नाही. तो नसता तर गाडी खरंच चढली नसती आणि माझ्याकडं बोलायला तोंड नसतं. आता आहे. उद्या साहेबांकडं.

७ मे

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी तिथं जाऊन काही बोललो तर उद्या वरून फोन येईल, लिंबाजी. नवा जिल्हा आहे, सगळ्यांचे हात लांब आहेत."

मी म्हणालो, बोलू नका साहेब. मोठी दुरुस्ती झाली की गाडीची पूर्ण भारानं चाचणी घेतात की नाही? घेतात, म्हणाले. चाचणी चढावरच घ्यावी लागते ना? लागते. मग भरली टाकी आधी माळावर चढली पाहिजे. गावात अर्धी रिकामी करून नेली तर ती चाचणी कसली?

साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी कागद ओढला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं – रेडिएटर व पंखा बदललेल्या वाहनाची चढावरील चाचणी रोज भरल्या टाकीनं घेण्यात यावी. माळवस्तीत निम्मं पाणी दिल्यावर उरलेलं परतताना गावास द्यावं. सही, शिक्का.

"यात जातीचा शब्द कुठं नाही ना?" म्हणाले.

नाही साहेब. फक्त रेडिएटरचा.

नरसिंगमामाला कागद दाखवला. त्यानं तो दोनदा वाचून घडी करून खिशात ठेवला. "आता माझ्या हातात न्हाई, आसंच ना?" हाव मामा, तुमच्या हातात नाही. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. मला त्याचा राग धरता येईना.

९ मे, हिवरखडा, माळवस्ती

गाडी वर आली!!

चावडीपाशी मामानं वेग कमी केला, कागद काढून बापूसाहेबांना दाखवला, "चाचणी हाय, साहेबाचा हुकूम, परतताना देतो," एवढंच म्हणाला आणि पहिला गिअर टाकला. मागं ओरडा झाला. आम्ही थांबलो नाही. चढणीला इंजिन असं काही घुमलं की मी काटा बघायचाच विसरलो. पाहिला तेव्हा मधोमध होता.

बायका घराबाहेर येऊन उभ्या राहिल्या, कुणी पुढं येईना. वरून कोण ओतणार याची वाट बघत असाव्यात. मी आक्काचा हात धरून कॉकवर ठेवला. तिनं तो स्वतः फिरवला. घागर भरली, काठावरून वाहिली, तरी ती बंद करेना. मग एकदम भानावर आली आणि दोन्ही हातांनी बंद केला.

आक्कानं मामाला तांब्या दिला. त्यानं तो हातात धरला, इकडंतिकडं पाहिलं, आणि उभ्यानंच पिऊन टाकला. भरलेला तांब्या, पूर्ण. मग निम्मी टाकी घेऊन तो खाली गावात गेला. मी मुक्कामाला राहिलो. आक्कानं मला आंघोळीला पाणी काढलं. नको म्हटलं तर रागावली.

आज मला स्वतःचा अभिमान वाटतो, आणि तो मी लिहून ठेवतो.

१० मे, लातूर

दुपारी पोचलो. मिल्ट्री वर्कशॉपात उभी, चाकं दबलेली. नरसिंगमामा फूटबोर्डवर बसला होता. म्हणाला, "खाली कुणी घागर लावली न्हाई. दिवस मावळंपातूर उभा ऱ्हायलो. म्हणले, आधी वर जाऊन आलेलं पाणी हाय. एक म्हातारी आली व्हती, तिच्या लेकानं दंडाला धरून मागं नेली." मी टाकीवर चढून झाकण उघडलं. निम्मी टाकी पाणी, स्वच्छ, तळ दिसत होता. "ह्याचं काय करू मिस्त्री?" मामानं खालून विचारलं.